गुळगुळीत नळीच्या बंदुका

आपण एखादं म्हणणं ठासून मांडतो. कुणाचा बार फुसका निघतो, कुणी दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून नेम धरतो. मराठीत बंदूक अशी सहज ये-जा करते, पण आपल्या बोलण्यातली ही बंदूक नेमकी कोणती, असा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. ती लष्कराची रायफल नव्हे आणि सिनेमातलं पिस्तूलही नव्हे. गावच्या वाड्यात सोप्याच्या खुंटीवर टांगलेली, आधी ठासणीची आणि पुढे काडतुसाची झालेली, आतून गुळगुळीत नळी असलेली छर्ऱ्यांची बंदूक म्हणजे आपली बंदूक. हा लेख त्या बंदुकीविषयी आहे. शिकारीसाठी आणि राखणीसाठी ती घराघरांत होती हे आपल्याला ठाऊक असतं. पण हीच बंदूक माणसांवर चालवण्यासाठीही मुद्दाम घडवली गेली, आणि तो इतिहास थेट आपल्या इलाख्यातून, आपल्या खडकीतून जातो, हे फारसं लिहिलं गेलेलं नाही.

मी शिकून इतिहासकार झालेला नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, सोलापुरात एका सूतगिरणीत हिशेब लिहिण्यात उमेद गेली. आजोबांची दुनळी बंदूक वारसाहक्काने परवान्यावर आली आणि तिच्या नळ्यांखाली कोरलेली बारीक अक्षरं वाचता येईनात, तिथून हा नाद लागला. इंग्रजी पुस्तकं, जुने लिलावांचे कॅटलॉग, बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिरांची संगत, हीच माझी शाळा. परदेशातले शौकीन अशा दुर्मिळ बंदुका पन्नास-पन्नास जमवतात आणि मैदानावर नेऊन चालवतात. आपल्याकडे कायद्याने ते शक्य नाही, आणि त्याची मला फारशी खंतही नाही. माझा संग्रह दोन जाडजूड वह्यांत आहे. परवानाधारकाच्या घरी जायचं, त्याच्यासमोर त्याच्याच हातून बंदूक उघडायची, खुणा उतरवून घ्यायच्या, मोजमाप लिहायचं, घरातल्या वडीलधाऱ्यांना ती कुठून आली ते विचारायचं, एवढाच माझा छंद.

शब्दांतून दिसणारा क्रम

वस्तूआधी शब्द पाहू, कारण शब्दांनी वस्तूचा क्रम जपून ठेवला आहे. सर्वांत जुनी तोड्याची बंदूक. जळती वात, म्हणजे तोडा, रंजकेला लावायची आणि रंजकेतून आग नळीतल्या दारूपर्यंत जायची. मराठी फौजांतले बर्कंदाज हीच बंदूक बाळगत. मग गारगोटीवर पोलाद आपटून ठिणगी पाडणारी चकमकीची बंदूक आली. त्यानंतर तांब्याच्या छोट्या टोपीवर घोडा पडून बार उडवणारी टोपीची बंदूक. या तिन्ही ठासणीच्याच: दारू, बोळा, शिसं हे तोंडाकडून घालून गजाने ठासायचं. शेवटी मागून उघडणारी काडतुसी बंदूक आली. ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ हे शब्द पोर्तुगिजांकडून आले, ‘बंदूक’ अरबी-फारसीतून. घोडा, चाप, माशी हे तिचे अवयव मात्र आपण आपल्या घरच्या शब्दांनी ओळखले.

या सगळ्या प्रवासात एक गोष्ट फार काळ बदलली नाही, ती म्हणजे नळीचा आतला भाग. रायफलच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि लांबवर सरळ राहते. साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. तीतून एक गोळी उडवली तर ती शंभर यार्डांपलीकडे भरवशाची राहत नाही. पण तीतून मूठभर छर्रे उडवता येतात. पीळदार नळीला ते जमत नाही, कारण पिळामुळे छर्रे वाऱ्यावर उधळल्यासारखे पसरतात.

बंदुकीची ‘बोअर’ मोजण्याची रीतही मजेशीर आहे. एक पौंड शुद्ध शिशाचे सारख्या आकाराचे बारा गोल केले, तर त्यातला एक गोल ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअरची नळी. तिचा व्यास 0.729 इंच, म्हणजे साडेअठरा मिलिमीटर. सोळा गोल केले तर प्रत्येक गोल लहान, म्हणून सोळा बोअरची नळी बारापेक्षा अरुंद. आकडा वाढला की नळी लहान होते, हे नवख्याला उलटं वाटतं. याला अपवाद चारशे दहाचा. तो बोअरचा आकडा नसून सरळ व्यास आहे: 0.410 इंच. या चारशे दहाकडे पुढे यायचंच आहे.

1857 नंतरची नळी

1857 च्या उठावाच्या कथेत आपण एन्फील्ड बंदुकीच्या चरबी लावलेल्या काडतुसांविषयी शाळेत वाचतो. त्या काडतुसांची बंदूक, 1853 च्या नमुन्याची एन्फील्ड, पीळदार नळीची होती. तिच्या मागच्या माशीवर 900 यार्डांपर्यंतचे आकडे होते. उठाव मोडल्यावर सरकारने जे अनेक धडे घेतले त्यांतला एक असा की, अशी लांब पल्ल्याची बंदूक हिंदी शिपायाच्या हाती पुन्हा सहज द्यायची नाही. मग दिसायला अगदी एन्फील्डसारखीच, पण आतून पीळ नसलेली, सुमारे 0.65 इंचाची गुळगुळीत नळी आणि हलणाऱ्या मोजपट्टीऐवजी ठोकळ्यासारखी साधी माशी असलेली बंदूक हिंदी पलटणींसाठी काढण्यात आली. गोऱ्या शिपायाचा पल्ला लांब आणि काळ्या शिपायाचा आखूड, अशी ही व्यवस्था होती. पुढे हिंदी पलटणींना पीळदार बंदुका परत मिळाल्या, पण गोऱ्या पलटणी नव्या नमुन्याकडे गेल्यावर जुना नमुना हिंदी पलटणींकडे, असं एका पिढीचं अंतर बराच काळ राखलं गेलं.

पोलिसांच्या बाबतीत तर हे धोरण अधिकच टिकलं. लष्कराने टाकलेल्या स्नायडर आणि मार्टिनी-हेन्री या बंदुकांच्या नळ्यांतले पीळ घासून काढायचे, नळी गुळगुळीत करायची आणि ती बंदूक पोलिसाला द्यायची. अशा बंदुकीतून जाड छर्ऱ्यांचा बार काढता येतो. समोर जमाव असेल तर जवळून त्याचा परिणाम मोठा होतो. आणि समजा बंदूक हिसकावली गेली, तर तीच बंदूक दूरवरच्या रायफलधारी सैन्यापुढे निरुपयोगी ठरते. छर्ऱ्यांची लढाऊ बंदूक ही कल्पना जगात अमेरिकी खंदकांमुळे गाजली हे खरं, पण प्रशासनाचं हत्यार म्हणून ती इथे पन्नास-साठ वर्षं आधीच रुळली होती.

त्याच काळात जनतेकडच्या शस्त्रांचा बंदोबस्त झाला. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत 1878 साली दोन कायदे आले: एक देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवरचा आणि दुसरा शस्त्रांवरचा. वृत्तपत्रांचा कायदा लॉर्ड रिपनने 1882 मध्ये रद्द केला. शस्त्रांचा कायदा मात्र स्वतंत्र भारताने 1959 चा कायदा करेपर्यंत चालला. लेखणीवरचा तो चाप चार वर्षांत सैल झाला, बंदुकीचा एक्याऐंशी वर्षं राहिला. परवान्याच्या अटीतून युरोपियनांना सूट आणि हिंदी माणसाला बंदी, हा भेद लोकांना सर्वांत जास्त बोचला. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांतून त्याविरुद्ध ठराव झाले. अहिंसेचा आग्रह धरणाऱ्या गांधीजींनीही सबंध राष्ट्राला नि:शस्त्र करणाऱ्या या कायद्याला ब्रिटिश राजवटीच्या काळ्या कृत्यांत सर्वांत वरचं स्थान दिलं होतं.

सोलापूरकराला हा विषय केवळ पुस्तकी वाटू नये. 1930 च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर आपल्या शहरात गोळीबार झाला, लोक मेले, 12 मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली. बंदूक कुणाच्या हाती आणि नळीचं तोंड कुणाकडे, हा प्रश्न या शहराने रस्त्यावर सोसलेला आहे.

खंदकातली बंदूक आणि जर्मनीची तक्रार

आता ज्या बंदुकीसाठी जगभरातले संग्राहक वेडे होतात तिच्याकडे वळू. अमेरिकेच्या विंचेस्टर कारखान्याची 1897 सालच्या नमुन्याची पंप बंदूक. रचना जॉन ब्राउनिंगची. नळीखाली दुसरी नळी, तिच्यात पाच काडतुसं. पुढची लाकडी मूठ मागे ओढली की रिकामं टरफल बाहेर, पुढे ढकलली की नवं काडतूस आत. मुळात ही बदकं-ससे मारायची बंदूक. 1917 मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा तिची नळी 20 इंचांची केली गेली, हात भाजू नये म्हणून नळीवर भोकं पाडलेला पत्रा चढवला आणि संगीन लावायची सोय केली. अरुंद खंदकात लांब रायफल फिरवता येत नाही, तिथे ही आखूड बंदूक उपयोगी पडली. एका काडतुसात सुमारे साडेआठ मिलिमीटर व्यासाचे नऊ जाड छर्रे. तिच्या यंत्रणेत एक खुबी अशी की चाप दाबून धरला आणि मूठ नुसती पुढे-मागे केली, तरी मूठ पुढे गेली की बार उडत राहतो.

19 सप्टेंबर 1918 रोजी जर्मनीने स्वित्झर्लंडमार्फत अमेरिकेकडे तक्रार केली की, ही बंदूक अनावश्यक यातना देणारी असल्याने हेगच्या करारातल्या 23 व्या कलमाचा भंग होतो. पुढची धमकी अशी की, ही बंदूक किंवा तिची काडतुसं जवळ सापडलेल्या कैद्याला जीव गमवावा लागेल. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लान्सिंग यांनी ती फेटाळली आणि आमच्या कैद्यांना हात लावलात तर आम्हीही तसंच उत्तर देऊ, असं बजावलं. नोव्हेंबरात युद्धच संपलं. विषारी वायू वापरणाऱ्या राष्ट्राने छर्ऱ्यांवर आक्षेप घ्यावा, याचं लोकांना तेव्हाही नवल वाटलं.

मला मात्र या प्रकरणात वेगळीच गोष्ट खटकते. हेगचे नियम सुसंस्कृत म्हणवणाऱ्या राष्ट्रांच्या आपसातल्या युद्धांसाठी होते. वसाहतीतल्या पोलिसाने जमावावर छर्ऱ्यांचा बार काढला तर तो त्या चौकटीत येतच नव्हता. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात शरीरात शिरून फुलणारी गोळी तयार झाली, तिच्यावर 1899 च्या हेग परिषदेत बंदीची घोषणा झाली, तेव्हाही ब्रिटिशांचा युक्तिवाद हाच होता की रानटी शत्रू साध्या गोळीने थांबत नाही. युरोपच्या खंदकात जे अमानुष ठरत होतं, ते वसाहतीच्या चौकात बंदोबस्त म्हणून खपत होतं.

चारशे दहाची मस्केट

आपल्या देशाची स्वतःची छर्ऱ्यांची लढाऊ बंदूक कोणती असं मला विचारलं, तर मी विंचेस्टरचं नाव घेणार नाही. मी इशापूरच्या मस्केटचं घेईन. कोलकात्याजवळच्या इशापूरच्या रायफल कारखान्यात लष्कराच्या .303 ली-एन्फील्ड रायफली घेऊन त्यांची नळी 0.410 इंचाची गुळगुळीत करण्यात आली. पाच-दहा गोळ्यांचा साठा मावणाऱ्या खोबणीत लाकडी ठोकळा बसवून ती एकबारी केली. बाहेरून पाहिली तर हुबेहूब रायफल. पहाऱ्यावरच्या शिपायाच्या खांद्यावर ती रायफलचा सगळा रुबाब मिरवते, पण आत मागच्या शतकातलं तेच धोरण: दिसायला लांब पल्ल्याची, असायला आखूड पल्ल्याची. स्वातंत्र्यानंतरही ही बंदूक काही काळ पहाऱ्यांवर राहिली. गोऱ्या सरकारच्या धास्तीतून जन्मलेलं हत्यार आपल्या सरकारनेही चालवलं.

तिचं काडतूस तर आपल्या खडकीचं. 1869 साली स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चारशे दहाच्या मस्केटची काडतुसं तयार होत. टरफलाच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरं ठोकलेली असत. हे टरफल म्हणजे .303 चंच टरफल, फक्त पुढची मान आवळायची बाकी ठेवलेलं, सरळ नळकांड्यासारखं. त्यामुळे कारखान्याला नवं यंत्र नको आणि बंदुकीची मागची यंत्रणाही तीच. शिवाय बाजारात मिळणारं चारशे दहाचं शिकारी काडतूस या नळीत नीट बसत नाही. म्हणजे बंदूक कुणी पळवली तरी तिचा खुराक सरकारकडेच. इजिप्तमध्येही ब्रिटिशांनी हीच युक्ती केली. तिथल्या पोलिसांसाठी बर्मिंगहॅमच्या ग्रीनरने मार्टिनी पद्धतीची एकबारी 14 बोअरची बंदूक बनवली, तिचं काडतूस मुद्दाम जगावेगळं ठेवलं, म्हणजे साधं काडतूस तिच्यात चालू नये.

1962 च्या शस्त्र नियमांच्या पहिल्या परिशिष्टात चारशे दहाच्या मस्केटचा नाव घेऊन उल्लेख आहे आणि तिथे ती सामान्य नागरिकाला निषिद्ध असलेल्या शस्त्रांच्या वर्गात, .303 रायफलच्या शेजारी बसवलेली आहे. बारा बोअरची दुनळी तिच्यापेक्षा कितीतरी जबर बार काढते, पण ती परवान्यावर मिळू शकते. कारण सरकारी काडतूस ज्या नळीत चालतं ती नळी नागरिकाकडे नको, असं हे सूत्र आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस अशा मस्केटी भंगार साठा म्हणून अमेरिकेत विकल्या गेल्या. तिथले शौकीन आज त्या हौसेने जमवतात, मैदानावर चालवतात, ‘इशापूर’ हा शब्द कोरलेला दिसला की हरखतात. आपल्याकडे तिची नोंद करणारा माणूस शोधून सापडत नाही.

बंदूक वाचायची कशी

जुनी बंदूक हा एक दस्तऐवज असतो. तो उघडण्यासाठी नळ्या खोक्यापासून सुट्या करून उलट्या धराव्या लागतात. नळ्यांच्या बुडाशी सपाट भागावर सरकारी परीक्षेचे शिक्के असतात. लंडनच्या परीक्षागृहाला 1637 ची सनद आहे, बर्मिंगहॅमचं 1813 चं. मुकुटाखाली ‘एनपी’ अक्षरं असतील तर नळी बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली आहे. ती नसतील तर ती फक्त काळ्या दारूची समजावी. ‘नॉट फॉर बॉल’ असं कोरलेलं असेल तर नळीचं तोंड किंचित आवळलेलं असून बंदूक 1875 ते 1887 या काळातली. चौकटीच्या आकारात बारा आणि ‘सी’ असेल तर ती त्यानंतरची. लंबगोलात ‘ईएलजी’ असेल तर ती बेल्जियमच्या लिएजची, मग वर नाव कितीही इंग्रजी असो.

या नावांचीही गंमत आहे. वेस्टली रिचर्ड्स ही नामांकित पेढी, तर लिएजचा कारागीर नुसतं ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ कोरून माल पाठवायचा. आपल्या भागातल्या पाटील-देशमुखांनी साहेबी बंदूक म्हणून घेतलेल्यांपैकी काही या जातीच्या. खरा माल कोलकात्याच्या मँटन किंवा रॉडा यांच्या दुकानांतून, किंवा मुंबईत 1891 पासून चाललेल्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समधून यायचा आणि दुकानदाराचं नाव नळीच्या पाठीवर असायचं. रॉडा हे नाव वाचलं की मला 26 ऑगस्ट 1914 आठवतो. त्या दिवशी बंगाली क्रांतिकारकांनी त्यांच्या मालातली 50 माउझर पिस्तुलं आणि 46,000 गोळ्या लांबवल्या होत्या. एका दुकानाच्या शिक्क्यात शिकारी साहेब आणि क्रांतिकारक असे दोघेही सापडतात.

काही नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारखी किंवा जोंधळ्याच्या कणसासारखी नक्षी असते. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र पिळून, गजाभोवती गुंडाळून, ठोकून या नळ्या केलेल्या असतात. दिसायला त्या अप्रतिम. पण पट्ट्यांच्या सांध्यांत आतून गंज शिरलेला असतो तो वरून दिसत नाही. अशी नळी भिंतीवर शोभते, तिच्यात आजचं काडतूस घालू नये.

चालवणं

संग्राहकाला बंदूक चालवावीशी वाटणारच. मलाही वाटते. एका रायफल क्लबच्या मैदानावर मी आजोबांची दुनळी परवानगीने वर्षातून दोन-चारदा चालवतो. हवेत फेकलेल्या मातीच्या रंगाच्या 110 मिलिमीटरच्या तबकड्या फोडायच्या. या खेळात भारताने मोठी नावं पाहिली. बिकानेरच्या करणीसिंगांनी 1962 च्या विश्वस्पर्धेत रौप्यपदक मिळवलं, राज्यवर्धनसिंग राठोड यांनी 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये. आपल्या महाराष्ट्राचं नाव अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे यांनी गाजवलं, पण ते रायफलमध्ये. छर्ऱ्यांच्या खेळाला मैदान मोठं लागतं आणि काडतुसांचा खर्च सतत चालू राहतो.

जुनी बंदूक चालवण्याआधी चार गोष्टी जाणत्या कारागिराकडून बघून घ्याव्या लागतात. पहिली, काडतुसाच्या घराची लांबी. जुन्या इंग्रजी बंदुकांत ती बहुधा 65 मिलिमीटर असते, आजचं काडतूस 70 चं. लांब काडतूस आखूड घरात शिरतं, पण उघडायला त्याच्या तोंडाला जागा उरत नाही आणि दाब धोक्याइतका वाढतो. दुसरी, नळीच्या भिंतीची जाडी. वर्षानुवर्षं घासून साफ केल्याने ती पातळ झालेली असते. तिसरी, नळ्या आणि खोका यांचा सांधा घट्ट आहे का. चौथी तपासणी मला सर्वांत आवडते. नळ्या सुट्या करून आकड्याला टांगायच्या आणि लाकडाने हलकेच वाजवायच्या. घंटेसारखा नाद आला तर दोन नळ्यांमधला डाग पक्का, बद्द आवाज आला तर सुटलेला. कुंभाराकडून मडकं वाजवून घ्यावं तसंच.

मग कागदाचा मोठा ताव लावून 40 यार्डांवरून बार काढायचा आणि 30 इंचांच्या वर्तुळात किती छर्रे बसले ते मोजायचे. तोंड पूर्ण आवळलेली नळी शंभरातले सत्तर आत ठेवते, सरळ नळी चाळीसच्या आसपास. आजोबांच्या बंदुकीची डावी नळी अजून सत्तर राखते. शंभरी गाठलेल्या वस्तूने आपलं काम अजून चोख करावं, यात एक समाधान आहे, आणि ते मी लपवत नाही.

माळरानाचा हिशेब

त्या समाधानाच्या जोडीला दुसरा हिशेबही मांडला पाहिजे. सोलापूरच्या माळरानांवर माळढोक होता, काळवीट होतं. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 साली झालं. तोवर जो पक्षी उरला होता तो वाचवण्यासाठी ते झालं. माळढोक कमी होण्याची कारणं अनेक: गवताळ माळ नांगराखाली गेले, पाणी आलं, उसाबरोबर वस्ती आली. पण त्याआधीच्या कित्येक दशकांत बैलगाडीच्या आडून जवळ जाऊन त्याच्यावर बार काढणाऱ्या बंदुका याच होत्या, ज्यांच्या खुणा मी प्रेमाने उतरवून घेतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबवली. तेव्हापासून या बंदुका मुक्या झाल्या आणि ते योग्यच झालं. वस्तूचं मोल सांगताना तिने काय केलं ते झाकायचं नसतं. वाड्यातल्या फोटोत बंदुकीशेजारी मांडलेले पक्षीही माझ्या वहीत नोंदलेले आहेत.

दोनाची मर्यादा

डिसेंबर 2019 मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील, वारसाहक्काने आलेल्यांनाही हीच मर्यादा, जादाची बंदूक वर्षभरात पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. नामवंत नेमबाजांना सवलत मिळाली, ती रास्तही होती. मर्यादेला माझा विरोध नाही. ज्या देशात लग्नाच्या वरातीत हवेतल्या गोळीबाराने माणसं मरतात, तिथे बंदुका कमीच बऱ्या. माझी चिंता दुसरी आहे. कायद्याने वस्तू जमा करायला सांगितलं, तिची माहिती जमा करायला कुणी सांगितलं नाही.

जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एका घरात तीन बंदुका होत्या. तिसरी लिएजची, टोपीच्या बंदुकीची मागाहून काडतुसी केलेली, म्हणजे एका नळीत दोन युगं. अशी दुसरी मी पाहिलेली नाही. मालक गेले, मुलाने नियमाप्रमाणे ती जमा केली. पावतीवर लिहिलं गेलं: ‘एक डबल बॅरल गन, जुनी’. शिक्के, सन, देश, काही नाही. दोन वर्षांनी मी त्या मुलाबरोबर चौकशीला गेलो तेव्हा पावतीवरच्या त्या पाच शब्दांवरून ती बंदूक ओळखणं तिथल्या कुणालाच शक्य नव्हतं. गंजलेल्या ढिगात ती असेल किंवा वितळूनही गेली असेल. तिचं मोजमाप माझ्या वहीत आहे, म्हणून ती होती एवढं तरी सांगता येतं.

यावर उपाय अवघड नाही आणि महागही नाही. कायद्याच्या 45 व्या कलमात जुन्या नमुन्याच्या, पुरातन मोलाच्या आणि दुरुस्त करूनही चालू न शकणाऱ्या शस्त्रांना सूट आहे. शंभर वर्षांवरची वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याच्या नजरेने पुरावस्तू ठरू शकते. बंदूक जमा करताना तिच्या शिक्क्यांचे चार फोटो आणि एक पानाची नोंद घ्यायची, वितळवण्याआधी एका जाणत्याची नजर फिरवायची, आणि ठेवण्याजोगी असेल ती निकामी करून संग्रहालयाला द्यायची. आपल्याच जिल्ह्यात अक्कलकोटच्या राजवाड्यात शस्त्रागार आहे, पुण्यात केळकर संग्रहालय आहे, कोल्हापुरात नवा राजवाडा आहे. तिथे तलवारी आणि कट्यारी पाहायला लोक रांग लावतात. कारण तलवार ‘इतिहास’ झालेली आहे. बंदूक अजून फक्त ‘मुद्देमाल’ आहे.

आणि संग्रहालयांत एक रिकामी जागा आहे, तिचा मी अनेक वर्षं विचार करतो. एन्फील्डची पीळ नसलेली हिंदी आवृत्ती, पोलिसांची मार्टिनी, इशापूरची मस्केट आणि तिच्याजवळ खडकीचं सरळ टरफल, अशा चार वस्तू ओळीने मांडल्या आणि खाली प्रत्येकीचा पल्ला लिहिला, तर राज्यकर्त्याने प्रजेवर किती विश्वास ठेवला याचं मोजमाप पाहणाऱ्याला यार्डांत दिसेल. त्यातल्या शेवटच्या दोन वस्तूंपाशी 1947 नंतरची वर्षंही लिहावी लागतील. ती पाटी लिहिताना अडखळायला होईल, म्हणूनच ती लिहिली जावी असं मला वाटतं.

घरोघरी ज्यांच्या कपाटात अशी एखादी परवान्याची बंदूक आहे त्यांना एवढंच सांगणं आहे. ती ठेवायची की द्यायची हे तुम्ही आणि कायदा ठरवा. पण देण्याआधी नळ्यांखालचे शिक्के उतरवून ठेवा, ती कुणी, कुठून, किती रुपयांना आणली ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा, आणि तिने काय मारलं तेही लिहा.